थेरपी मुलाच्या मापाची कशी करून घ्यायची? (ऑटिझम, वय सव्वापाच)

रानजाई | १४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसतीच वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे, घरी त्याला बंटू म्हणतो. अडीच वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं आणि पुढच्याच महिन्यापासून थेरपी चालू झाली ती आजतागायत चालू आहे. आठवड्याला ३ ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं शिकवणारी), २ स्पीच, २ स्पेशल एज्युकेटर. आम्ही पुण्यात राहतो, सेंटर स्कूटरवर ४० मिनिटांवर.

गेल्या रविवारी कपाट आवरताना त्याची फाईल हातात आली. मागच्या जूनचा गोलचा, म्हणजे थेरपीच्या उद्दिष्टांचा, कागद आणि ह्या जूनचा कागद शेजारी शेजारी ठेवले. पाच रंग ओळखणे. एका जागी २० मिनिटं बसणे. हाक मारल्यावर नजर देणे. दहा ठोकळ्यांचा मनोरा. तोच कागद, तारीख तेवढी बदललेली. मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

त्याला रंग येतात हो. सेंटरमध्ये टेबलावर लाल कार्ड ठेवलं की 'लाल' म्हणतो. पण घरी पोळी हवी असली की अजून माझं मनगट धरून ओट्याकडे ओढत नेतो आणि माझा हात पोळीच्या डब्यावर आपटतो. शब्द नाही, बोट दाखवणं नाही, माझ्या तोंडाकडे बघणं नाही. आणि 'पोळी' म्हणता येत नाही असंही नाही, पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं की स्पष्ट म्हणतो.

सेंटरला विचारलं तर म्हणाले, ताई अजून ८० टक्के आलेलं नाही, त्यात तुम्ही मे महिन्यात गावाला गेलात, आपण तास वाढवू, ७ चे १० करू. आत्ताच तो घरी येतो तेव्हा स्कूटरवर पुढे उभ्या उभ्या झोपलेला असतो.

मला सेंटर बदलायचं नाहीये, तिथल्या मुली त्याच्याशी मायेने वागतात. मला एवढंच कळत नाही की मूल पुढे गेलं की नाही हे बघायचं कसं, आणि त्याप्रमाणे थेरपी बदलून कशी मागायची. तुम्ही काय केलंत?

मृण्मयी७ | १४ जून, रात्री ११:४८

अगं सेम टू सेम. आमच्या फाईलमध्ये तर एका पानावर दुसऱ्याच मुलाचं नाव होतं. वाचतेय.

मनवा_ओटी | १५ जून, सकाळी ७:१०

रानजाई, मी १४ वर्षं पेडिॲट्रिक ओटी करतेय. आधी आमच्या बाजूचं सांगते, सबब म्हणून नाही. दिवसाला नऊदहा मुलं, प्रत्येकी ४५ मिनिटं, मधे ५ मिनिटांत वही लिहायची आणि मॅट पुसायची. जूनमध्ये सगळ्यांच्या फायली एकदम येतात आणि मग जुना कागद उघडून तारीख बदलली जाते. मीही केलंय हे. एका बाबांनी पकडलं होतं, त्या दिवशी लाज वाटली म्हणून आज लिहितेय.

आता तुझा मुद्दा. ८० टक्के म्हणजे दहापैकी आठ वेळा बरोबर, एवढंच. पण कुठे, कोणासमोर, किती मदतीने, हे नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. रंग टेबलावर येतात आणि भाजीवाल्याकडे येत नाहीत तर तो गोल अर्धाच झाला. ह्याला आम्ही जनरलायझेशन म्हणतो आणि ऑटिझममध्ये तो भाग आपोआप होत नाही, वेगळा शिकवावा लागतो. बंटूला 'पोळी' हा शब्द येतो, पण तो शब्द वापरून समोरच्या माणसाकडून पोळी मिळते हे अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही. वस्तूचं नाव सांगणं वेगळं आणि ती मागणं वेगळं, दोन्ही वेगवेगळं शिकवायचं असतं. आणि तुझं मनगट धरणं हे सुद्धा मागणंच आहे बरं का, ती त्याची आजची पायरी आहे. पुढची पायरी तिथूनच बांधायची, रंगांच्या कार्डापासून नाही.

प्रगती मोजायची तर मदत मोज. आधी आपण त्याचा हात धरून करून घेतो, मग नुसतं कोपराला टेकवतो, मग बोट दाखवतो, मग नुसतं थांबून वाट बघतो, मग तो आपणहून करतो. गोल तोच राहिला आणि मदत तिसऱ्या पायरीवरून चौथीवर आली तर मूल पुढे गेलंय. गोल तोच आणि मदतही तीच, तर तीन महिन्यांनी थेरपिस्टने स्वतःची पद्धत बदलायला हवी. अमेरिकेतल्या अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल ह्या थेरपीच्या पद्धतीत गोल १२ आठवड्यांचेच लिहितात आणि मग पुन्हा तपासणी करतात. ते मॉडेल बंटूहून लहान मुलांसाठी आहे, पण १२ आठवड्यांची सवय कुणीही उचलावी.

रोखठोक | १५ जून, सकाळी ९:३२

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. माझ्या भाच्याच्या आईवडिलांनी ४ वर्षांत ५ सेंटरं बदलली. दर वेळी नवीन माणूस, नवीन खोली, पहिले दोन महिने पोरगं रडण्यातच घालवायचं. आज आठ वर्षांचा आहे आणि कशाचाच पाया पक्का नाही. आपल्याला घाई असते हो, मुलाला नसते. एकच गोष्ट वर्षभर केली तर काय बिघडलं? कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की आठवड्याला ४० तास दिले की निम्मी मुलं नॉर्मल होतात. मग ७ चे १० केले तर जास्त कसे?

एडिसनची_सई | १५ जून, सकाळी ११:०५

@रोखठोक, सेंटरं बदलण्याबद्दल पटलं. पण ते ४० तासांचं नीट सांगते, कारण न्यू जर्सीत आम्हालाही हेच सांगून घाबरवलं होतं. तो लोव्हास ह्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा अभ्यास. ४० तासांच्या गटात मुलं होती १९, त्यातली ९ साध्या शाळेत इतरांच्या बरोबरीने बसू लागली असं त्यांनी लिहिलं. कुठलं मूल कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि त्या काळच्या पद्धतीत ओरडणं, मांडीवर फटका मारणं हेही होतं. त्याच्या आधारावर आज आपल्या पाच वर्षांच्या पोराचे तास ठरवायचे नाहीत.

इकडचं ऐकाल तर शाळेत आयईपी, म्हणजे त्या एका मुलापुरता शिक्षणाचा लेखी प्लॅन, असतो, वर्षातून निदान एकदा बैठक कायद्याने घ्यावीच लागते, आईवडील त्या टेबलावर बरोबरीने बसतात आणि पटलं नाही तर आक्षेप घेता येतो. तीन वर्षांखालच्या मुलांचा प्लॅन तर दर सहा महिन्यांनी बघतात. पण रानजाई, कागद इकडेही कॉपी होतात हो! माझ्या लेकीच्या दुसऱ्या वर्षीच्या आयईपीत 'ही विल' असं होतं, म्हणजे कुण्या मुलाचा उचललेला. कायदा असला तरी कागद आईलाच वाचावा लागतो.

मृण्मयी७ | १५ जून, सकाळी ११:२१

सई, म्हणजे माझ्या फाईलवाली व्यक्ती तिकडेही नोकरी करतेय तर 😄

शांत_कोपरा | १५ जून, दुपारी २:१५

मी २७ वर्षांचा आहे, मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान २२ व्या वर्षी झालं, त्यामुळे थेरपीला कधी गेलो नाही, पण शाळेत 'माझ्याकडे बघून बोल' हे रोज ऐकलं.

यादीतल्या 'हाक मारल्यावर नजर देणे' ह्याबद्दल बोलायचंय. मी एकतर बघू शकतो किंवा ऐकू शकतो. डोळ्यांत बघायला लागलो की समोरच्याचे शब्द नुसता आवाज होतात. चौथीत बाईंच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो आणि त्यांनी काय विचारलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम करतोय. बंटूला हाक ऐकू आली हे तो दुसऱ्या कशाने कळवत असेल. हातातलं थांबवत असेल, मान वळवत असेल, 'हं' म्हणत असेल. ते धरा ना गोल म्हणून. २० मिनिटं बसण्याचंही तसंच. कशासाठी बसायचं हे त्याच्या बाजूने बघा, जेवायला बसणं वेगळं आणि कार्डं बघायला बसणं वेगळं.

आणि कृपया, हात फडफडवणं बंद करणे हा गोल कुणी लिहिला असेल तर खोडून टाका. त्याने कुणाला इजा होत नाही. मी आजही करतो, ऑफिसच्या जिन्यात.

रानजाई | १५ जून, दुपारी ४:०२

शांत_कोपरा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. बंटू हाक मारली की जिभेने टॉक असा आवाज काढतो. आम्ही त्याला वाईट सवय समजत होतो. आत्ता स्वयंपाकघरातून हाक मारून बघितली, टॉक आलं. पुन्हा मारली, पुन्हा आलं. मला रडू आलंय, बाकी संध्याकाळी लिहिते.

आजी_नाशिक | १५ जून, सायंकाळी ६:४०

रानजाई बाळा, मी ६८ वर्षांची आहे, टायपिंगला वेळ लागतो. माझा नातू आता अकराचा. मुलगा-सून दोघं नोकरीला, त्याला सेंटरवर न्यायचं काम माझं. मला ते इंग्रजी गोल कळायचे नाहीत. मग मी कॅलेंडरच्या चौकोनात लिहायला लागले, दूध आणि पेपरच्या खाड्यांच्या बाजूला. रोज एकच ओळ. 'कुकरची शिट्टी झाली, कान झाकले नाहीत.' 'चप्पल स्वतः घातली, उलटी.' 'चप्पल उलटी.' 'उलटी.' 'सुलटी!' उलटी ते सुलटी ह्यात एकोणीस दिवस गेले, मी मोजलेत.

तीन महिन्यांनी ती पानं फाडून बाईंपुढे ठेवली. त्या म्हणाल्या आजी, आमच्या फाईलमध्ये ह्यातलं काहीच नाही. त्या दिवसापासून त्या आधी माझी पानं वाचायच्या आणि मग काय करायचं ते ठरवायच्या. घरातल्या माणसाला दिसतं ते ४५ मिनिटांत कसं दिसणार? पण लिहून ठेवल्याशिवाय आपल्यालाही आठवत नाही, आपण नुसतं 'काही फरक नाही हो' म्हणत बसतो.

मनवा_ओटी | १५ जून, सायंकाळी ७:०५

आजी, तुमची ती पानं माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला हवीत.

मांजराकाठचा | १५ जून, रात्री १०:३०

तुमच्या गप्पा वाचून वाटायलंय की तुमच्याकडं ७ का १० हा प्रश्न तरी हाय. आमच्याकडं लातूर जिल्ह्यात गावापासून सेंटर ६० किलोमीटर. सरकारी दवाखान्यात डीईआयसी म्हणून विभाग असतोय, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, आरबीएसकेची, म्हंजे सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, गाडी अंगणवाडीत येती ते लोक तिथं पाठवतेत. फुकट हाय. पण महिन्यातून एकदाच जमतंय, मजुरी बुडती.

पहिल्या वेळी तिथल्या म्याडमनं इचारलं, पोरगा दिवसभर काय करतो ते सांगा. खेळण्याचं काहीच नाही इचारलं. मी म्हनलं शेळ्यांमागं पळतो, हौदात हात घालून बसतो, कुणी शिवलेलं चालत नाही. त्या म्हनल्या, एका महिन्याला एकच गोष्ट. ह्या महिन्यात छोटी कळशी अर्धी भरून हौदापासून शेळ्यांपर्यंत न्यायला लावा, दिवसाला पाच खेपा. वजन उचललं की ह्या लेकराच्या अंगाला बरं वाटतंय म्हने, शांत होतंय. झालं बी तसंच. पुढच्या महिन्यात कळशी शेळीपुढं ठिवायच्या आधी थांबायचं आन् 'ये' म्हनायचं. दीड महिना लागला. आज सहा वर्षाचा हाय, सात शेळ्यांची नावं घेतो, माझं घेत नाही अजून. पर शेळ्यांची घेतो.

रानजाई ताई, तास कमी हायेत म्हनून आमचं नडलं नाही असं म्हनत नाही, नडलंच. जवळ असतं तर आठवड्याला नेलं असतं. पर जेवढं झालं ते त्याच्या रोजच्या कामातलं होतं म्हनून टिकलं.

म्हापसेकर | १६ जून, सकाळी ८:२०

@मांजराकाठचा, दादा तुमचा प्रतिसाद काळजाला भिडला. ह्यावरून आठवलं, आमच्या गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक अभ्यास झाला होता, पास नावाचा, २०१६ साली लॅन्सेट सायकिॲट्री ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ६५ मुलं, वय २ ते ९. त्यात तज्ज्ञ थेरपिस्ट घरी जात नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते जायचे. आई आणि मूल खेळतात त्याचा व्हिडिओ काढायचा आणि मग आईबरोबर बसून तो बघायचा, मूल काहीतरी करतं आणि आईकडून निसटतं ती जागा शोधायची. आईचा प्रतिसाद सुधारला आणि मुलाने स्वतःहून संवाद सुरू करणंही वाढलं.

मी घरी करून बघितलं, फोन खिडकीत उभा करून. दहा मिनिटांत लेकीने चार वेळा मला वस्तू दाखवली होती. मी चारही वेळा तिला रंग विचारत होते.

लालपरीवेडा | १६ जून, दुपारी १:११

आमच्या चिरंजीवांना फक्त एसटी आवडते. दुसरं काहीही नाही. पहिल्या सेंटरने लिहिलं 'एकाच विषयात अडकतो, तो विषय टाळावा'. दुसऱ्या स्पेशल एज्युकेटर ताईंनी विचारलं कुठली गाडी आवडते, आणि पुढच्या वेळी पुठ्ठ्यावर पाट्या लिहून आणल्या. स्वारगेट, सांगली, कराड, सातारा. अक्षरओळख अशी झाली, क कमळाचा नाही, क कराडचा. मग तिकिटं फाडून सुट्टे पैसे, मग रांगेत थांबणं, मग 'तुम्ही कुठे जाणार?' असा प्रश्न विचारणं. प्रश्न विचारणं ही त्याची सगळ्यात मोठी अडचण होती आणि कंडक्टर झाल्यावर ती सुटली. परवा पाहुण्यांना दारातच विचारलं, कुठे जाणार, सुट्टे द्या.

मृण्मयी७ | १६ जून, दुपारी १:२५

😂😂 दिले का त्यांनी?

लालपरीवेडा | १६ जून, दुपारी १:३०

दिले! आणि आत येऊन बसायच्या आधी पुढे सरकायला लागलं.

रोखठोक | १६ जून, दुपारी २:००

अवांतर: हिरकणी आवडते का त्याला? मी ३१ वर्षं सांगली डेपोला होतो. जुने बोर्ड घरी पडलेत दोनतीन, खरे, लोखंडी. पत्ता निरोपात पाठवा, पाठवून देतो.

लालपरीवेडा | १६ जून, दुपारी २:०४

काका!!! निरोप केलाय. त्याला आत्ता सांगत नाही, रात्री झोपणार नाही. हिरकणी दोन नंबरला आहे, एक नंबर साधी लालपरी.

नवी_पहाट | १६ जून, रात्री ९:४५

एवढ्या वर्षांच्या थेरपीपेक्षा एकदा स्टेमसेलचा (मूळ पेशी शरीरात सोडायच्या उपचाराचा) विचार करा. आमच्या ओळखीत एका मुलाला केलं, महिन्याभरात बोलायला लागला. दूध आणि गहू बंद केल्यानेही खूप फरक पडतो.

सुधन्वा_एमडी | १६ जून, रात्री १०:२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे म्हणून स्पष्ट लिहितो. ऑटिझमसाठी स्टेमसेल हा मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असे प्रयोग मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांचं पॅकेज सांगत असेल तर तिथून उठून या. गहू-दुधाचं म्हणाल तर ॲलर्जी किंवा सिलिॲक (गहू न सोसण्याचा आजार) असेल तर जरूर बंद करा, पण नुसत्या ऑटिझमसाठी बंद केल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि ह्या मुलांचं खाणं आधीच चारपाच पदार्थांवर आलेलं असतं. बंटूची पोळी काढून घेतली तर तो खाईल काय आणि मागेल काय?

@नवी_पहाट, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. ही मुलं वाढत असतात, काही गोष्टी त्या महिन्यात तशाही येणार असतात, आणि श्रेय शेवटच्या उपचाराला जातं.

मृण्मयी७ | १७ जून, सकाळी १०:००

एक शंका. आमचा आयएसएए (ऑटिझम किती तीव्र ते मोजायचा भारतीय स्केल) स्कोअर ११८ वरून ११२ झाला. ही प्रगती धरायची का?

मनवा_ओटी | १७ जून, सकाळी १०:४०

मृण्मयी, आयएसएएमध्ये ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. ११८ आणि ११२ दोन्ही मध्यमच, आणि सहा गुणांचा फरक तपासणारा बदलला, मूल त्या दिवशी झोपेतून उठून आलं, एवढ्यानेही पडतो. तो स्केल निदानासाठी आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आहे. तीन महिन्यांची थेरपी बदलायची की नाही हे त्यावरून ठरवू नका. त्यासाठी आजींचं कॅलेंडरच बरं.

रानजाईला आणखी एक: मीटिंग माग. सेशन संपल्यावर दारात चप्पल घालताना नको, वेगळी अर्धा तास, तिन्ही थेरपिस्ट एकत्र. 'प्रगती का नाही' असं विचारू नकोस, समोरचा लगेच बचावाला जातो. 'ह्या तीन गोष्टी घरी अडतात, ह्यातली पहिली कुठली घेऊ या' असं विचार. आणि पुढच्या मीटिंगची तारीख तिथेच लिहून घे.

एडिसनची_सई | १७ जून, रात्री ८:१५

+१. आणि त्याच्या थकव्याचं नक्की सांग. झोपलेलं मूल शिकत नाही.

रानजाई | १९ जून, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार, एकेकाला लिहायला हवं पण आत्ता बंटू मांडीवर आहे. मीटिंग मागितलीय, २८ तारखेची मिळाली. कॅलेंडर लावलंय. पहिल्या दिवशीची ओळ: 'टॉक, सहा वेळा.'

रानजाई | २१ सप्टेंबर, रात्री ११:१५

धागा वर काढतेय, कारण अर्ध्यात सोडून जाणं बरं वाटेना.

मीटिंग झाली. पहिली दहा मिनिटं अवघड गेली, मुख्य बाई म्हणाल्या की प्रत्येक पालकाने असं केलं तर आम्ही काम कधी करायचं. मी काही बोलले नाही, कॅलेंडरची पानं आणि घरातला व्हिडिओ पुढे केला, मनगट ओढण्याचा. स्पीचवाली ताई एकदम म्हणाली, हा तर मला मागतोय! तिने ते कधी बघितलंच नव्हतं, तिच्या खोलीत ओटा कुठे आहे.

रंग आणि मनोरा कागदावरून काढले. नजर देण्याऐवजी 'हाक मारल्यावर कुठल्याही प्रकारे ओ देणे' असं लिहिलं. आणि नवीन गोल: स्वयंपाकघरात, आई समोर असताना, भूक लागल्यावर, चित्र देऊन किंवा शब्दाने पोळी मागणे. तास वाढवले नाहीत. ओटी तीनची दोन केली आणि त्या वाचलेल्या वेळात महिन्यातून दोनदा स्पीचवाली ताई घरी येते, तेवढ्याच पैशांत.

तिने पोळ्या पारदर्शक डब्यात ठेवायला सांगितल्या, घट्ट झाकणाचा. आणि पोळीच्या खऱ्या फोटोचं कार्ड फ्रिजवर चुंबकाने लावलं. पहिले पंधरा दिवस मी पुढे हात पसरून उभी आणि बंटूच्या मागे त्याचे बाबा, त्याचा हात धरून कार्ड माझ्या तळहातावर ठेवायला लावायचे. तो चिडायचा, दोनदा कार्ड चावलं. पाचव्या आठवड्यात बाबा नुसते मागे उभे राहिले आणि त्याने कार्ड आणून दिलं. मग मधे शाळेत नवीन शिक्षिका आल्या, झोप बिघडली, सगळं थांबलं, पुन्हा मनगट. ताई म्हणाली थांबू या, पोळी चालू ठेवू, दुसरं काही नवीन नको. ऑगस्टचे दोन आठवडे असे गेले.

९ सप्टेंबरला संध्याकाळी मी कणीक मळत होते, हात भरलेले. तो डबाच घेऊन आला, माझ्या पोटाला टेकवला आणि म्हणाला 'काढ'. कार्डावर तो शब्द नव्हता, आम्ही शिकवलाही नव्हता. मी कणकेच्या हातानेच झाकण उघडलं.

आता तो सगळ्यालाच 'काढ' म्हणतो. शर्ट काढ, पंखा बंद करायला काढ, फाटक उघडायला काढ, काल आजोबांना सोफ्यावरून उठवायला काढ. बाबांकडे मात्र अजून मागत नाही, त्यांचं मनगटच धरतो. मनवा, हे दुरुस्त करू का?

मनवा_ओटी | २१ सप्टेंबर, रात्री ११:४०

अजिबात नको! एका शब्दाने दार उघडतंय हे त्याला कळलंय, वापरू दे मनसोक्त. तू नुसतं मागून बरोबर शब्द बोलत जा, 'हो, पंखा बंद', त्याच्याकडून वदवून घेऊ नकोस. आणि पुढचा गोल त्याने स्वतःच सांगितलाय, तेच सगळं बाबांबरोबर. दोन आठवडे पोळीचा डबा बाबांच्या ताब्यात दे, तू बाहेरच्या खोलीत बस.

आजी_नाशिक | २२ सप्टेंबर, सकाळी ६:३०

चौकोनात लिहिलंस ना?

रानजाई | २२ सप्टेंबर, सकाळी ७:०५

लिहिलं आजी, लाल पेनाने. पानावर कणीकही लागलीय.

शांत_कोपरा | २२ सप्टेंबर, सकाळी ९:५०

आणि टॉक?

रानजाई | २२ सप्टेंबर, सकाळी १०:१२

चालू आहे. आता आम्हीही देतो, त्याने कुठूनही टॉक केलं की घरातून तीन टॉक येतात. आजोबांना नीट जमत नाही, ते चुटकी वाजवतात.

मांजराकाठचा | २२ सप्टेंबर, रात्री ९:२०

ताई, लई भारी वाटलं वाचून. आमच्या घरी बी वाचून दाखवलं. एक इचारायचं होतं, डब्याचं झाकण फिरकीचं घेतलं का दाबून बसायचं? आमचं लेकरू दाबायचं झाकण दातानं काढतंय.

रानजाई | २२ सप्टेंबर, रात्री ९:४५

फिरकीचं घ्या दादा, बरणीसारखं. आणि पहिले काही दिवस फार घट्ट लावू नका, नाहीतर तो डबा तिथेच टाकून निघून जाईल. आमच्याकडे तीन डबे असेच फुटले.